परतीच्या कप्प्यातला डबा

जिन्याखालचं ते दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्यानं पोट आत ओढून उभं राहावं. तिन्ही भिंतींना वरपासून खालपर्यंत आकडे ठोकलेले आणि आकड्याआकड्याला हेडफोन लोंबकळत असलेले, जुन्या झाडाला वटवाघळं लोंबकळावीत तसे. मधोमध मोडीत निघालेल्या एका दाराच्या फळीचं काउंटर. आणि काउंटरमागे उंच स्टुलावर, पाय दांडीला अडकवून बसलेला कानमास्तर.

खरं नाव त्याच्या आईनं ठेवलं होतं, ते तिच्याबरोबर गेलं. बाकी सगळी गल्ली त्याला कानमास्तरच म्हणायची, आणि तोही त्या नावाला असा ओ द्यायचा, जणू पाळण्यातच ते मिळालं असावं.

हे कान त्याला बापाकडून आले. बाप पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. पंप उघडायच्या आधी तो एक काठी घ्यायचा, एक टोक पंपाला आणि दुसरं कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. आजूबाजूची माणसं श्वास रोखून बघायची. मग बाप म्हणायचा, "वाळू गेलीय." उघडावं तर मूठभर वाळू. पोरगा शेजारी पाना धरून उभा असायचा, आणि त्याला वाटायचं, जगात सगळं कळायला एक काठी पुरते.

पुढे पोरगा मोठा झाला, भोंगे आणि स्पीकर दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात चौदा वर्षं त्यांचे फाटके पडदे चिकटवत बसला, आणि शेवटी जिन्याखाली स्वतःचं दुकान मांडलं. बापाची काठी काही त्यानं आणली नाही, पण काठीसारखंच दुसरं काहीतरी शोधून काढलं.

त्याची रीत अशी. गिऱ्हाईक आलं की तो कंपनी विचारायचा नाही, रंग विचारायचा नाही. काउंटरची फळी दाखवून म्हणायचा, "आवडतं गाणं मनात म्हणा. तोंडानं नको, मनात. आणि या लाकडावर ठेका धरा."

माणसं लाजायची, मागे बघायची, मग बोटं चालवायची. मास्तर तोंडाकडे बघायचाच नाही. तो हात बघायचा. अंगठ्यानं नाहीतर मुठीनं ठोकणारा माणूस बेसचा भुकेला. त्याला नाचाची गाणी, रॅप, असलं पोटात शिरणारं संगीत लागतं. बोटांच्या पेरांनी भराभर टिपणारा रॉकवाला; त्याला थाप आणि झांज वेगवेगळी ऐकू आली पाहिजे, नाहीतर सगळी भांडी एका पोत्यात भरल्यासारखी वाजतात. नखानं टिकटिकणारा तारवाद्यांचा. आणि जो ठेका धरतच नाही, नुसती बोटानं लाकडावर एक लांब रेघ ओढत जातो, तो गळ्याचा भक्त. त्याला गाणाऱ्याचा श्वाससुद्धा हवा असतो.

एकदा मालवाहू गाडीचा ड्रायव्हर आला. मिशा अशा की गाडीचा हॉर्न त्यांनाच लावावा. म्हणाला, "मास्तर, छाती हादरली पाहिजे. त्याच्या खालचं दाखवूच नका."

"ठेका धरा."

ड्रायव्हरनं ठेका धरला तो करंगळीच्या नखानं. हळूच, मांजर दार खरवडतं तसा.

मास्तरनं भिंतीवरचा एक हलका, साधा, जाळीदार हेडफोन काढून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि एकट्या बाईचं, मागे फक्त एक तार छेडलेलं गाणं लावलं. ड्रायव्हर आधी हसला. मग म्हणाला, "अहो, ही मधे श्वास घेते ते पण ऐकू येतंय." आणि मिशीवरून हात फिरवत राहिला, कारण डोळ्यांवरून फिरवायची लाज वाटली असावी. दुसऱ्या आठवड्यात त्यानं आणखी दोन ड्रायव्हर पाठवले.

बेसबद्दल मास्तरचं एक ठरलेलं वाक्य होतं. "बेस म्हणजे विहिरीचं पाणी. खोल असावं, पण गढूळ नसावं." हे वाक्य तो दुकानात दिवसातून चार वेळा म्हणायचा आणि घरी जेवताना पाचव्यांदा.

आता कप्प्याचं सांगतो. काउंटरच्या मागे, डोक्याच्या उंचीवर एक लाकडी कप्पा होता. त्यावर मास्तरनं दुकान उघडलं त्या दिवशी स्वतःच्या हातानं रंगवलं होतं: "परत आलेले नग". खाली बारीक अक्षरात: "न आवडल्यास सहा दिवसांत आणावे". अकरा वर्षं झाली, त्या कप्प्यात एकही हेडफोन आला नाही. रिकामा कप्पा बरा दिसत नाही म्हणून मास्तर त्यात आपला जेवणाचा डबा ठेवायचा. नवं गिऱ्हाईक हटकून विचारायचं, "मास्तर, परतीच्या कप्प्यात डबा कसा?" आणि मास्तर दिवसभर ज्याची वाट बघत बसलेला असायचा ते उत्तर द्यायचा, "दुसरं ठेवायला काही आलंच नाही."

वर पुस्ती जोडायचा. "या दुकानातला पहिला नग बायकोला दिलाय. अकरा वर्षं रोज संध्याकाळी ऐकते. बायको वस्तू परत करत नाही म्हणजे काय ते समजा."

बायको इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. दिवसभर चादरी, उशांचे अभ्रे, आणि पिंपाएवढ्या यंत्रांची घरघर. मास्तरनं विचार केला होता, एवढ्या गदारोळातून घरी आलेल्या बाईला काय हवं? शांत, झुळझुळीत, पाखराच्या पंखासारखं. म्हणून त्यानं तिच्यासाठी उघड्या जाळीचा, बेस बेताचा, गळा आणि तारा काचेसारख्या दाखवणारा हेडफोन निवडला होता. कारखान्यात असल्यापासून त्याच्या मनात भरलेला. तिनं तो डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "छान आहे हो." झालं. सगळ्या गल्लीला ठेका धरायला लावणाऱ्या माणसानं बायकोला ठेका धर म्हणून कधी सांगितलं नाही. घरचंच माणूस, त्याला काय विचारायचं?

तर एका दुपारी एक बाई दुकानात शिरली. तरणीताठी, तोंडाची फटाकडी, हाताची कातडी पाण्यानं पांढुरकी पडलेली.

"काका, लवकर दाखवा, मला परत कामावर जायचंय. काळा, मोठ्ठा, वरून लाल पट्टीवाला. कान फुटले तरी चालतील."

"ठेका धरा."

"कशाला? मी हेडफोन घ्यायला आलेय, नाचाच्या परीक्षेला नाही. आमच्या ताईंकडे आहे तस्साच द्या."

"तुमच्या ताईंना आवडतो तो तुम्हाला कसा आवडेल?"

"त्यांना आवडतो म्हणजे आवडतोच. आमच्या धडधडताई त्या. कामावर एकदा तो डोक्यावर चढवला की इस्त्रीच्या गरम रुळावर चादरी अशा लावतात, अशा लावतात, की बघत बसावं. समोरच्या दुकानातून घेतलाय. तिथं आज कुलूप, म्हणून इकडं आले. खरं तर ताईंनी बजावलेलं, जिन्याखालच्या दुकानात जाऊ नकोस."

मास्तरचे कान टवकारले. "का बरं?"

"म्हणाल्या, तिथले मास्तर तुला काय आवडतं ते तुझ्या आधी ठरवून बसलेले असतात." असं म्हणून ती खळखळून हसली, आणि हसता हसता तिची नजर वर गेली. "अय्या! काका, हा डबा! डिट्टो आमच्या ताईंचा! त्यांचीपण कडी ढिली आहे, त्यापण असाच निळा दोरा गुंडाळतात. असाच, दोन वेढे आणि वर गाठ."

मास्तरनं वळून डब्याकडे पाहिलं. रोज सकाळी बायको दोन डबे भरायची. दोघांच्या कड्या ढिल्या. निळा दोरा एकाच रिळाचा.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही लांब नसतो. इथं तर तो डोक्यापासून वीतभर वर, कप्प्यात बसला होता.

तिला त्यानं हेडफोन दिला. चांगला दिला, कारण हात आपलं काम विसरत नाहीत. पण ती गेल्यावर तो स्टुलावर चढला नाही. डबा उघडला, दोन घास खाल्ले, परत दोरा गुंडाळला. दोन वेढे आणि वर गाठ.

संध्याकाळी घरी गेला. बायकोनं हातपाय धुतले, चहा केला, आणि नेहमीसारखी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तो जाळीचा हेडफोन डोक्यावर चढवला. डोळे मिटले. मास्तर अकरा वर्षं हे बघत आला होता आणि दर संध्याकाळी मनात म्हणायचा, बघा कशी रंगलीय.

आज त्यानं तोंड सोडून पाय बघितले. पाय दगडासारखे स्थिर. थोड्या वेळानं मान एका बाजूला कलली. मग बारीक, नियमित असा एक आवाज येऊ लागला. मास्तर जवळ गेला, वाकला. बायको घोरत होती. आणि हेडफोनची वायर खुर्चीवरून खाली लोंबत होती, तिचं टोक कशातच खोचलेलं नव्हतं.

काय म्हणावं? रागवावं तर कशावर? झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरून त्यानं हळूच हेडफोन काढला. ती डोळे न उघडता म्हणाली, "छान आहे हो."

त्याचं एकच दुखणं होतं, आणि ते रात्रभर ठुसठुसत राहिलं. गल्लीभर ज्या जोरावर तो मान ताठ ठेवून फिरायचा तो पहिला नगच खोटा निघाला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, बायको त्याच्याशी हे बोलली नव्हती. समोरच्या दुकानदाराशी बोलली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यानं मुद्दाम तिचा डबा उचलला आणि आपला तिच्यासाठी ठेवला. दुपारी दुकानाला अर्धी फळी लावून तो धुलाईघराच्या दारात जाऊन उभा राहिला. दाराला ताटलीएवढी गोल काच होती. त्यानं काचेला डोळा लावला, बाप पंपाला काठी लावायचा तसा.

आत वाफ दाटलेली. एका बाजूला पिंपं गरगरत होती. मधोमध गरम रूळ, आणि रुळापुढे दोन दोन बायका. ओल्या चादरीची चार टोकं धरायची, एकदा झटकायची, रुळावर सोडायची. पलीकडे कोरडी होऊन निघाली की दुसऱ्या दोघींनी घडी घालायची. सगळ्यांच्या डोक्याला पांढऱ्या टोप्या. आणि पहिल्या जागेवर, टोपीवरून तो काळा, लाल पट्टीचा धटिंगण हेडफोन चढवलेली त्याची बायको.

ती चादर झटकत नव्हती, ती वाजवत होती. फाट्! टाच खाली. फाट्! खांदा वर. समोरची बाई तिच्या हाताकडे बघून झटकायची, घडीवाल्या तिच्या खांद्याकडे बघून घडी मारायच्या. गाणं एकटीच्या कानात, आणि सगळ्या बायकांचे हात त्यावर चाललेले. वीस वर्षं संसार केलेल्या माणसानं हे पहिल्यांदा पाहिलं. त्याला वाटलं, आपण एवढे दिवस विहिरीच्या काठावर बसून बादलीची कडी तेवढी ऐकत होतो.

काल हात आपला धंदा विसरले नव्हते, तसे आज कानही विसरले नाहीत. काचेतूनसुद्धा त्याला त्या हेडफोनमधून बाहेर सांडणारा आवाज लागत होता. नुसता धमधमाट. गढूळ! त्याच्या मनातला उरलासुरला रुसवा बाजूला झाला आणि कारागीर जागा झाला. हिला बेस हवाय, आणि समोरचा हिला चिखल पाजतोय!

घंटा झाली. बायको बाहेर आली आणि त्याला पाहून थबकली. हेडफोन मानेवर उतरला.

"अहो, तुम्ही इथं?"

"डबा बदलला."

तिनं त्याच्या हातातला डबा पाहिला, त्याचं तोंड पाहिलं. "डबे दोन्ही सारखेच भरलेत मी. बदलला तरी काय बिघडलं?"

मास्तर भिंतीकडे बघू लागला. मग घसा खाकरून म्हणाला, "धडधडताई म्हणतात म्हणे तुला."

"त्या फटाकडीनं सांगितलं ना? तरी काल म्हणत होती, जिन्याखालचे काका चांगले आहेत, उदास असतात जरा."

"अकरा वर्षं, अगं! एक शब्द बोलायचा होतास."

बायको बाकावर बसली. टोपी काढून तिनं घाम पुसला. "पहिल्याच दिवशी बोलणार होते. सहाव्या दिवशी दुकानात आलेसुद्धा होते, पिशवीत खोकं घेऊन. तुम्ही कप्पा पुसत होता. एका गिऱ्हाइकाला सांगत होता, की या कप्प्यात मी धूळसुद्धा येऊ देणार नाही. एवढं तोंड फुललेलं तुमचं... म्हटलं, याच्यात पहिली वस्तू बायकोचीच कुठं टाकायची? परत आले. आणि मग डबा ठेवायला लागलात. तो तिथं शोभतोही."

ज्या रिकाम्या कप्प्याचा त्याला एवढा ताठा, तो त्याच्या कानांमुळे रिकामा नव्हता. निदान पहिल्या आठवड्यात तरी नव्हता. तो बायकोनं रिकामा ठेवला होता.

"आणि ते घोरणं?"

"ते मात्र खरंच छान लागतं त्याच्यात. कानाला उबदार असतं."

मास्तरला हसू फुटलं. मग तिलाही. दारातून बाहेर आलेल्या दोघीतिघी थांबून बघायला लागल्या, तेव्हा तो उठला. "सुट्टीच्या दिवशी दुकानात ये. बायको म्हणून नको. गिऱ्हाईक म्हणून."

सुट्टीच्या दिवशी ती आली. केस नीट विंचरलेले, हातात पिशवी. काउंटरवर तिनं खोकं ठेवलं, अकरा वर्षांचं, कोपरे झिजलेलं.

"परत करायचाय."

"मुदत सहा दिवसांची होती."

"दुकानदार भला माणूस आहे असं ऐकलंय."

"कारण?"

"देणाऱ्यानं मला काही विचारलं नाही."

मास्तरनं खोकं घेतलं. मान वर करून कप्प्यातला डबा काढला, खाली पायाशी ठेवला, आणि खोकं वर सरकवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या पाटीखाली पाटीवर लिहिलेली वस्तू होती. त्यानं ते क्षणभर बघितलं, आणि त्याला वाटलं होतं तेवढं काही ते वाईट दिसलं नाही.

"ठेका धरा, बाई."

बायकोनं बोटं वापरली नाहीत. अंगठा नाही, मूठ नाही. तिनं दोन्ही तळवे उगारले आणि फळीवर असे पाडले की भिंतीवरचे सगळे हेडफोन आकड्यांवर झुलायला लागले.

मास्तरनं एक काढला. तिनं घातला, ऐकला, मान हलवली. "हा धमधमतो खरा, पण ढोल केवढा आहे ते सांगत नाही."

मास्तर बघतच राहिला. "अगं, हे तुला कळतं?"

"अकरा वर्षं तुमच्यासमोर जेवतेय. दुसरं काय असतं कानावर पडायला?"

दुसरा काढला. आवाज साफ, पण डोकं आवळणारा. "हा परीक्षेला बसवल्यासारखा धरतो. आठ तास नाही जमणार." तिसरा मिटलेल्या वाट्यांचा, खोल, खाली तळ दाखवणारा. तिनं तो चढवला. मास्तरनं खाली वाकून पाहिलं. टाच हलत होती. तो खूश होऊन खोकं बांधायला निघाला.

"थांबा," ती म्हणाली, आणि पिशवीतून धुलाईघराची पांढरी टोपी काढून डोक्यावर ओढली. तिच्यावरून हेडफोन चढवला. टाच थांबली. "गेला. सगळा बेस गेला."

मास्तरनं कपाळावर हात मारला. चष्मेवाल्यांना तो रोज सांगायचा की काडीनं कानाभोवतीचं कुशन उचललं जातं आणि त्या फटीतून बेस गळतो. आणि इथं टोपीचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. म्हणूनच तिला तो धटिंगण लागायचा. अर्धा गळून उरेल तेवढा तरी आवाज हवा म्हणून! पुन्हा एकदा न विचारताच तो निघाला होता.

या वेळी त्यानं विचारलं. टोपी किती खाली येते, घाम कुठं येतो, मान कुठल्या बाजूला वळते, कानातलं घालून असतेस का. तिनं एकेक सांगितलं. मग त्यानं दुसऱ्या एका हेडफोनची जाडजूड, मऊ, कापडी कुशन्स उचकटली आणि तिसऱ्याला बसवली. दाबून, बोट फिरवून, कुठं फट राहत नाही हे बघून. टोपीवरून चढवला. गाणं लावलं.

बायकोनं डोळे मिटले नाहीत. तिनं ते मोठे केले. "अहो," ती ओरडूनच म्हणाली, कारण तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, "मागे आणखी एक बारका ढोल आहे! इतके दिवस होता?"

"होता," मास्तर म्हणाला. तिला ते ऐकू गेलं नाही.

जाताना तिनं हेडफोन मानेवर घेतला आणि कप्प्याकडे बोट दाखवलं. "त्याचं काय करणार?"

"बघू."

"तुम्ही धरा ना ठेका. तुम्हाला कुणी कधी सांगितलं का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मास्तरनं फळीवर हात ठेवला. मनात गाणं आलं ते चौदा वर्षं पडदे चिकटवताना गुणगुणायचा तेच. आणि त्याचं बोट ठेका धरायच्या ऐवजी लाकडावर एक लांब, सरळ रेघ ओढत गेलं.

बायको हसली आणि रस्ता ओलांडून गेली. समोरच्या दुकानासमोरून जाताना तर खांदा जरा जास्तच उडवत गेली.

आता दुकानात गेलात तर कप्प्यात तुम्हाला पुन्हा डबाच दिसेल, निळा दोरा गुंडाळलेला. तुम्ही विचाराल, अजून एकही परत आला नाही का, तर मास्तर पूर्वीसारखा ताठ बसूनच सांगेल, "एक आला." आणि डोक्यावरचा जुना जाळीचा हेडफोन एका कानावरून सरकवून विचारेल, "बोला. कुठं ऐकता? डोक्यावर काही घालता का? आणि हां, त्या आधी ठेका धरा."